‘रीच’ची नोंदणी कुणाच्या नावावर?

तारापूर, महाड किंवा लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजक युरोपला रसायने पाठवतो, तेव्हा दर्जा, दर आणि वेळेवर पुरवठा या तीन गोष्टींची काळजी त्याने घेतलेली असते. युरोपीय महासंघाच्या बाजारपेठेत मात्र तेवढे पुरत नाही. ज्या रसायनाला नोंदणी आवश्यक आहे, त्याची ती झालेली नसेल, तर उत्तम दर्जाचा मालही तेथे विकता येत नाही. १ जून २००७ पासून अमलात आलेल्या ‘रीच’ या कायद्याचा हा दंडक आहे.

नोंदणी, मूल्यमापन, परवानगी आणि रसायने या शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘रीच’ हे नाव पडले. ‘माहिती नाही, तर बाजारपेठ नाही’ हे त्याचे मूलतत्त्व. रसायन घातक आहे हे सरकारने सिद्ध करण्याऐवजी, ते सुरक्षितपणे कसे वापरता येईल याची माहिती उद्योगानेच द्यावी, अशी त्यामागची भूमिका आहे. ही माहिती फिनलंडमधील हेलसिंकी येथील युरोपीय रसायन संस्थेकडे सादर करावी लागते.

एक टनाची मर्यादा

एखादा पदार्थ वर्षाला एक टन किंवा त्याहून अधिक प्रमाणात आयात होत असेल, तर नोंदणी बंधनकारक ठरते. माल मिश्रणाच्या स्वरूपात असेल, तर त्यातील प्रत्येक पदार्थाचे वजन स्वतंत्रपणे मोजतात. एक, दहा, शंभर आणि हजार टन अशा चढत्या टप्प्यांनुसार द्यावयाची माहिती व शुल्क वाढत जाते. दहा टनांपासून पुढे रासायनिक सुरक्षा अहवालही जोडावा लागतो.

अनेक निर्यातदारांचा गोंधळ होतो तो पुढच्या मुद्द्यावर. कायद्याने नोंदणीची जबाबदारी भारतातील उत्पादकावर टाकलेली नसून युरोपातील आयातदारावर टाकली आहे. युरोपाबाहेरच्या कंपनीला स्वतःच्या नावे नोंदणी करताच येत नाही. त्यामुळे ‘आयातदार पाहून घेईल’ असे म्हणून विषय संपवण्याकडे कल असतो. पण नोंदणी आयातदाराच्या नावावर झाली, की तिचा लाभ त्याच्यापुरताच राहतो. उत्पादकाने दुसरा ग्राहक शोधला, तर त्या ग्राहकाला पुन्हा नोंदणी करावी लागते. खर्चाच्या भीतीने नवा ग्राहक मागे हटतो आणि उत्पादक एकाच खरेदीदाराच्या दरावर अवलंबून राहतो.

प्रतिनिधीचा पर्याय

यावर कायद्यातच उपाय आहे. परदेशी उत्पादकाला युरोपीय महासंघात ‘ओन्ली रिप्रेझेंटेटिव्ह’, म्हणजे आपला एकमेव प्रतिनिधी नेमता येतो. हा प्रतिनिधी नोंदणी करतो आणि त्या उत्पादकाचा माल घेणारे आयातदार नोंदणीच्या जबाबदारीतून मुक्त होतात. मात्र नियुक्तीची माहिती उत्पादकाने त्यांना कळवली पाहिजे. ही सोय उत्पादकाला व मिश्रण तयार करणाऱ्याला मिळते. इतरांचा माल विकत घेऊन निर्यात करणाऱ्या व्यापाऱ्याला ती मिळत नाही. त्याने ज्याच्याकडून माल घेतला, त्या उत्पादकानेच प्रतिनिधी नेमावा लागतो.

येथे वजनाचा हिशेबही बदलतो. तीन स्वतंत्र आयातदारांना प्रत्येकी ६०० किलो माल गेला आणि त्यांची त्या पदार्थाची अन्य आयात नसेल, तर एकालाही नोंदणी लागत नाही. तिघांसाठी मिळून एक प्रतिनिधी नेमला, तर हे वजन एकत्रित १,८०० किलो होते आणि नोंदणी आवश्यक ठरते.

प्रतिनिधी नेमताना करार बारकाईने वाचणे गरजेचे आहे, कारण कायद्याच्या दृष्टीने नोंदणी प्रतिनिधीच्या नावावर असते. उद्या प्रतिनिधी बदलायचा झाल्यास जुन्याचे सहकार्य लागते. नोंदणी हस्तांतरित करण्याचे कलम करारात नसेल, तर उत्पादकाचा पैसा आणि वेळ दोन्ही अडकतात.

पूर्वीपासून बाजारात असलेल्या रसायनांसाठीची शेवटची मुदत ३१ मे २०१८ रोजी संपली. आता नव्याने येणाऱ्याला आधी संस्थेकडे चौकशी अर्ज करावा लागतो. त्या पदार्थाची नोंदणी झालेली असल्यास आधीच्या नोंदणीदारांशी गाठ घालून दिली जाते आणि माहितीच्या खर्चाचा वाटा उचलून संयुक्त नोंदणीत सामील होता येते. पृष्ठवंशीय प्राण्यांवर झालेल्या चाचण्या पुन्हा करण्यास मनाई आहे. नोंदणी शुल्कात लघू व मध्यम उद्योगांना सवलत असून, प्रतिनिधीमार्फत नोंदणी करताना त्यासाठी उत्पादकाचा आकार पाहिला जातो. आयात अधिक टप्प्यात गेली किंवा रसायनाची नवी माहिती हाती आली, तर नोंदणी अद्ययावत करावी लागते.

ब्रिटनने महासंघ सोडल्यानंतर १ जानेवारी २०२१ पासून ग्रेट ब्रिटनचा स्वतंत्र ‘यूके रीच’ लागू झाला. युरोपातील नोंदणी तेथे चालत नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र युरोपीय नियमच लागू आहेत. दक्षिण कोरिया व तुर्कस्ताननेही याच धर्तीवर स्वतंत्र कायदे केले आहेत.

म्हणूनच युरोपची ऑर्डर स्वीकारण्यापूर्वी निर्यातदाराने तीन बाबी लेखी स्पष्ट करून घ्याव्यात : नोंदणी कुणाच्या नावावर आहे, ती किती टनांसाठी आहे आणि खरेदीदार बदलला तर ती उपयोगी पडेल का. माल जहाजावर चढल्यानंतर हे प्रश्न विचारून फारसा उपयोग होत नाही.