आवळणारी नळी : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

उल्हासनगरच्या कोणत्याही कॅम्पात मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर किंवा पंख्याची मोटर भरून देणाऱ्या कारागिराकडे जा. त्याच्या ड्रॉवरमध्ये काळ्या, लाल, पिवळ्या बारीक नळ्यांचे तुकडे हमखास सापडतील. कारागीर तिला नुसते ‘स्लीव्ह’ म्हणतात. दुकानदार तिला ‘हीट श्रिंक’ म्हणतो आणि मीटरवर मोजून देतो. वायरच्या जोडावर ही नळी सरकवायची आणि उष्णता द्यायची, की ती आपोआप आवळून जोडाला घट्ट बसते. हा तिचा मूळ धंदा. परंतु गरीब आणि कष्टकरी घरात हीच नळी आणखी दहा-पंधरा ठिकाणी उपयोगी पडते. त्याचप्रमाणे दोन-तीन ठिकाणी ती वापरणे जिवावर बेतू शकते. या दोन्ही बाजू आमच्या वाचक बंधू-भगिनींपुढे मांडाव्यात म्हणून हा लेख.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. जमा आणि खर्च हे दोनच रकाने आम्हाला नीट कळतात. घरातील वस्तू मोडली की ती खर्चाच्या रकान्यात जाते. छत्री, चप्पल, बादली, चार्जर, दप्तर यांतली एकेक रक्कम लहान असते. वर्षाची बेरीज मात्र लहान नसते. म्हणून जिथे दुरुस्ती शक्य आहे तिथे ती शिकून घेणे यात कमीपणा मुळीच नाही. आपल्या भागाला तर दुरुस्तीची मोठी परंपरा आहे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी हाताला मिळेल त्या वस्तूपासून धंदे उभे केले. त्या छावणीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीने आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीने फिटर-टर्नरांच्या पिढ्या घडविल्या. आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांत आयटीआय झालेला एक तरी मुलगा असतो. या कामाला लागणारे कौशल्य आपल्या घरातच आहे.

नळी आवळते कशी?

साधे प्लॅस्टिक तापवले की वितळते. ही नळी वितळत नाही, आवळते. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. पॉलिथिनचे रेणू म्हणजे सुट्या लांब धाग्यांचा गुंता. त्यावर किरणोत्साराचा मारा केला की धाग्यांमध्ये जागोजागी गाठी पडतात आणि सुट्या धाग्यांचे जणू मासे पकडायचे जाळे तयार होते. मग ती नळी गरम करून फुगवतात आणि फुगलेल्या स्थितीतच थंड करतात. आता ती मोठी दिसते, पण गाठींना मूळचा आकार ‘आठवत’ असतो. पुन्हा उष्णता मिळताच ती मूळ आकाराकडे परत जाते. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात पॉल कुक यांनी १९५७ साली स्थापन केलेल्या कंपनीने, म्हणजे पुढे ‘रेकेम’ म्हणून नावारूपास आलेल्या कंपनीने, हे तंत्र बाजारात रुजवले. विमानातील वायरिंगसाठी जन्मलेली वस्तू आज आपल्या गल्लीत मीटरवर मिळते.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, प्रमाण. २:१ म्हणजे ६ मिलिमीटरची नळी आवळून ३ मिलिमीटर होते. ३:१ आणि ४:१ अशाही मिळतात. दुसरी, माप. जिच्यावरून नळी सरकवायची त्या वस्तूच्या सर्वांत जाड भागापेक्षा ती किंचित मोठी हवी आणि आवळल्यावर सर्वांत बारीक भागापेक्षा लहान व्हायला हवी. तिसरी, आतून गोंद आहे की नाही. गोंदवाली नळी महाग पडते, पण ती पाणी आत जाऊ देत नाही.

काम करण्याची रीत सोपी आहे. लागते त्यापेक्षा थोडा लांब तुकडा कापा, कारण नळी लांबीतही थोडी कमी होते. मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे उष्णता द्या, म्हणजे आतली हवा निघून जाते. बहुतेक साध्या नळ्या ९० ते १२० अंश सेल्सियसच्या दरम्यान पूर्ण आवळतात. हीट गन असेल तर उत्तम. नसेल तर लायटरची ज्योत नळीला न टेकवता खालून सतत फिरवत राहावी. ज्या वस्तूचा विजेशी संबंध नाही तिच्यावर उकळते पाणी ओतूनही पुष्कळदा काम भागते. खिडकी उघडी ठेवा, लहान मुलांना दूर बसवा आणि नळी गार होईपर्यंत हात लावू नका.

घरातले उपयोग

पहिला उपयोग आमच्या माताभगिनींसाठी. टेकडीवरच्या वस्तीत आजही लांबून पाणी आणावे लागते. बादलीच्या कडीवरची प्लॅस्टिकची मूठ तुटली की नुसती तार बोटांत रुतते. पकडीने कडीचे एक टोक बादलीच्या कानातून सोडवा, जाड नळीचे वीतभर तुकडे एकावर एक असे तीन-चार थर चढवून आवळा आणि कडी परत बसवा. हाताला वळ पडणे थांबते. हाच उपाय बाजाराच्या पिशवीच्या तारेच्या मुठीला चालतो.

शाळेच्या बुटाची नाडी टोकाला उसवली की भोकात जात नाही, आणि सकाळी सातच्या शाळेला मूल रडत बसते. ३-४ मिलिमीटरच्या नळीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तिथे आवळला की नवे टोक तयार. पायजम्याची नाडी आणि ट्रॅक पँटची दोरी यांनाही तेच. टेम्पोवर माल बांधणारे बांधव नायलॉनच्या दोरीचे टोक जाळून गोळा करतात. तो गोळा हाताला टोचतो. त्यावर नळी चढवली की टोक गुळगुळीत राहते. सायकलच्या ब्रेकची तार टोकाला विस्कटते आणि पोटरीला ओरखडे काढते. तिथे पेरभर नळी पुरते.

विद्यार्थ्यांच्या कंपासपेटीतील कर्कटकाचे टोक दप्तर फाडते आणि हातालाही लागते. बारीक नळीचा तुकडा गरम असतानाच पकडीने एका बाजूला दाबून बंद केला की त्या टोकाला टोपण होते. पेन्सिल हातात धरवत नाही इतकी लहान झाली की ती संपलेल्या बॉलपेनच्या नळकांडीला नळीने जोडावी. अखेरपर्यंत वापरता येते. मात्र नळी चघळायची सवय असलेल्या लहान मुलाला ती देऊ नये.

वृद्धांसाठी तर ही नळी फार कामाची आहे. मोतीबिंदूमुळे ज्यांना कमी दिसते त्यांना घराची, कपाटाची आणि पेटीची किल्ली ओळखता येत नाही. एका किल्लीच्या दांडीवर नळीचे एक कडे, दुसरीवर दोन, तिसरी कोरी. मग अंधारातही बोटांना कळते. अर्धांगवायूनंतर ज्यांची पकड सैल झाली त्यांच्या चमच्याची दांडी तीन-चार थरांनी जाड करा. तोंडात जाणाऱ्या भागापासून मात्र नळी चार बोटे लांब ठेवावी. धातूच्या काडीचा चष्मा कानामागे रुतत असेल तर तिथेही मऊ नळी बसते. अशा वेळी काडी फ्रेमपासून सोडवूनच तापवावी, नाहीतर काच आणि फ्रेम दोन्ही जातील.

छत्रीच्या काडीचे टोक कापडातून बाहेर येते, तारेच्या हँगरचा गंज कामावर जायच्या सदऱ्याला लागतो, शिंप्याच्या कात्रीची मूठ अंगठ्याला घट्टे पाडते. या सर्व ठिकाणी नळी चढवता येते. जीन्स शिवण्यावर पोट असलेली कितीतरी कुटुंबे उल्हासनगरात आहेत. त्यांच्या दृष्टीने अंगठा सुखरूप राहणे म्हणजे रोजंदारी सुखरूप राहणे होय.

मोबाइलच्या चार्जरची वायर प्लगच्या मानेशी तुटते. प्लग रुंद आणि वायर बारीक असल्यामुळे इथे २:१ नळी चालत नाही. ३:१ किंवा ४:१ मागावी. नवी वायर आणल्या दिवशीच दोन्ही मानांवर नळी चढवावी. आतले तांबे दिसू लागल्यावर मात्र वायर बदलणेच योग्य.

जिथे हात आखडावा

आता दुसरी बाजू. पहिल्या बाजूपेक्षा ती अधिक लक्षपूर्वक वाचावी अशी आमची विनंती आहे.

घरातील विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. मिक्सर, इस्त्री, कूलर किंवा पाणी तापवायचा रॉड यांची वायर तुटली की ती पिळून जोडायची, वर नळी आवळायची आणि ‘झाले पक्के’ म्हणायचे, हा मोह अनेकांना होतो. नळी वरून सुरेख दिसते हाच तिचा धोका. आत पिळलेला जोड ओढाताणीने सैल होतो, सैल जोड तापतो, तापलेला जोड ठिणगी टाकतो. चिकटपट्टी निदान सुटू लागलेली दिसते. नळीखालचा बिघाड दिसत नाही. अशा उपकरणाची वायर आयएसआय खुणेची नवी आणून पूर्ण बदलावी. ही काटकसरीची जागा नव्हे.

कारखान्यात काम करणाऱ्या तरुणांना आणखी एक सांगणे आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत काही जण पकडीच्या मुठीवर नळी चढवून तिला ‘शॉकप्रूफ’ समजतात. मूठ घट्ट धरता यावी म्हणून नळी चांगली, पण चालू विजेवर काम करण्यासाठी ती नाही. त्यासाठीच्या हत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्टचा छाप असतो, आणि त्यांची चाचणी १०,००० व्होल्टला झालेली असते. ठेकेदाराकडे तशी हत्यारे मागणे हा कामगाराचा हक्क आहे.

गॅसच्या रबरी नळीला चीर पडली तर तिच्यावर स्लीव्ह, चिकटपट्टी, काहीही लावू नये. गॅस बंद करावा आणि नवी नळी घ्यावी. नळीवर छापलेली मुदत संपली असेल तर चीर नसतानाही बदलावी. कढई-तव्याच्या मुठीवरही ही नळी चढवू नये. आचेजवळ ती धूर सोडते. पीव्हीसीची आवळणारी नळी जळाली तर तिच्यातून आम्लाची वाफ निघते आणि छातीला त्रास होतो. मोबाइल, पॉवर बँक किंवा ई-स्कूटरच्या बॅटरीवरचे वेष्टन फाटले म्हणून घरी नळी चढवून तापवणे तर सर्वस्वी टाळावे. लिथियमची बॅटरी पेट घेते.

पाण्याचा विषयही आपल्या भागात महत्त्वाचा आहे. २६ जुलै २००५ रोजी आणि पुन्हा २०१९ च्या जुलैअखेरीस उल्हास नदीला पूर आला आणि बदलापुरातील सखल वस्त्यांत पाणी शिरले. पाणी ओसरल्यावर भिंतीतले व जमिनीलगतचे जोड वरून कोरडे दिसले तरी आत ओल धरून असतात. आतून गोंद नसलेली नळी ती ओल उलट कोंडून ठेवते. म्हणून पुरानंतर मेन स्विच बंद ठेवून परवानाधारक वायरमनकडून तपासणी करून घ्यावी. घरात ३० मिलिअँपिअरचे गळती-संरक्षक यंत्र बसवणे हा खर्च वाटतो, पण शॉक लागताच क्षणार्धात वीज तोडणारा तो पहारेकरी आहे.

१४ एप्रिलच्या रोषणाईचेही असेच आहे. दरवर्षी जुन्या माळा काढून जोडल्या जातात आणि खांबाखांबांवरून ओढल्या जातात. दोन्ही तारांचे जोड एकाच जागी न घेता पुढेमागे घ्यावेत, प्रत्येक जोडाला सोल्डर करावे, प्रत्येकावर स्वतंत्र नळी आवळावी आणि त्या सर्वांवर गोंदवाली मोठी नळी घालावी. हे काम उत्साही मुलांवर न सोडता वायरमनच्या देखरेखीखाली व्हावे. माळ लहान मुलांच्या हाताला लागेल इतक्या उंचीवर तर असूच नये.

एक सूचना

गाठी पडलेले हे प्लॅस्टिक पुन्हा वितळवून वापरता येत नाही. म्हणून तुकडा लागेल तेवढाच कापावा आणि उरलेले तुकडे जाळू नयेत.

आमची एक सूचना आहे. हीट गन प्रत्येक घराने विकत घेण्याची गरज नाही. वस्तीतील महिला बचत गटाने किंवा तरुण मंडळाने एक हीट गन, तीन मापांच्या नळ्या, एक चांगली पकड आणि एक कात्री विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या कपाटात ठेवावी. महिन्यातून एका रविवारी दोन तास आयटीआय झालेल्या मुला-मुलींनी तिथे बसावे. बादलीची कडी, नाडी, किल्ली, छत्री जे येईल ते करून द्यावे. नळीचे पैसे घ्यावेत, मजुरी घेऊ नये. आणि कोणी मिक्सरची तुटकी वायर किंवा गॅसची चिरलेली नळी घेऊन आले तर ती दुरुस्त न करता, नवी का घ्यावी हे त्यांना समजावून सांगावे. बादलीच्या कडीवर वाचलेले पैसे त्या नव्या वायरीसाठीच बाजूला काढायचे असतात.