छेद कुठे आहे? शिवडीच्या दवाखान्यातला एक धडा

"पहिल्यांदा आलात का?" कंपाउंडर मान वर न करता विचारतो. तुम्ही हो म्हणता. नाव, वय, "कुठे राहता?" एवढे तीन प्रश्न. तळहाताएवढ्या कार्डावर बॉलपेनने तीन ओळी लिहिल्या जातात, वर तारीख पडते. "चौदा नंबर, बसा." झाली तुमची नोंदणी. आधारकार्ड नाही, फॉर्म नाही, सही नाही. शिवडी स्टेशनच्या आसपासच्या कुठल्याही जुन्या दवाखान्यात संध्याकाळी सात वाजता जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल.

पेशंट म्हणून ही पद्धत फार सोयीची आहे. अंगात ताप असताना कोणाला फॉर्म भरायचाय? पण तुम्ही आरोग्यावर संशोधन करायचं ठरवत असाल, तर या एका मिनिटाकडे नीट बघा. माझा पहिला संशोधन आराखडा याच टेबलावर आपटला होता.

माझा प्रश्न साधा होता. शिवडीत ज्यांना दोन आठवड्यांहून जास्त खोकला आहे, त्यांच्यापैकी किती टक्के लोकांची थुंकीची तपासणी होते? दोन आठवड्यांचा खोकला म्हणजे क्षयरोगाचा संशय धरून तपासणी करायची, असा नियम आहे. मी ठरवलं, खासगी दवाखान्यांत जायचं, वर्षभराच्या नव्या पेशंटच्या नोंदी बघायच्या, टक्केवारी काढायची. मॅडमनी आराखडा वाचला आणि विचारलं, "अंश कळला. छेद कुठे आहे?"

मी म्हटलं, "दवाखान्यात नोंदलेले पेशंट."

"ती यादी तू पाहिली आहेस का?"

नव्हती पाहिली. मी ती गृहीत धरली होती.

हे गृहीतक आलं कुठून?

आपण जे शोधनिबंध वाचतो, त्यांतून. ब्रिटनमध्ये माणूस आजारी पडण्याच्या आधीच आपल्या भागातल्या जीपीकडे नाव नोंदवतो, आणि एका वेळी एकाच ठिकाणी. त्यामुळे प्रत्येक दवाखान्याकडे यादी असते, आणि त्या यादीत वर्षभर डॉक्टरचं तोंडही न पाहिलेले लोक असतात. हाच खरा छेद. यादीत 8,000 माणसं, त्यातले 200 खोकला घेऊन आले, असं तिथला संशोधक म्हणू शकतो. अशा जीपी नोंदींवर तिथे 1980 च्या दशकापासून मोठे विदासंच उभे राहिले.

ती यादीही निर्दोष नाही. लोक घर बदलतात, देश सोडतात, मरतात, पण नाव लगेच निघत नाही. इंग्लंडमध्ये जीपींकडे नोंदलेल्यांची एकूण संख्या लोकसंख्येच्या अंदाजापेक्षा लाखोंनी जास्त भरते. म्हणजे छेद असला, तरी तो फुगलेला असू शकतो.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. आपल्या कंपाउंडरच्या डब्यात फक्त *आलेल्यांची* कार्डं असतात. न आलेल्यांचा पत्ताच नाही. समजा, महिन्यात 300 माणसं आली आणि त्यांतली 40 खोकल्याची होती. या आकड्यावरून खोकल्याचं आजूबाजूच्या वस्तीतलं प्रमाण काढता येत नाही. 40 भागिले 300 एवढंच सांगतं, की या डॉक्टरकडे येणाऱ्यांत खोकलेवाले किती. तो डॉक्टर खोकल्यासाठी प्रसिद्ध असेल, तर आकडा आपोआप वाढणार.

दवाखान्यांची यादी तरी?

ठीक आहे, पेशंटची यादी नाही, मग दवाखान्यांची यादी घेऊन नमुना निवडू, असं मला वाटलं. तिथेही गंमत आहे. महाराष्ट्रात 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, पण त्यात येतात ती रुग्णांना दाखल करून घेणारी ठिकाणं. चाळीच्या तळमजल्यावरचा एका खोलीचा दवाखाना त्यात येत नाही. डॉक्टरची नोंदणी वैद्यकीय परिषदेत असते, पण ती माणसाची नोंदणी, गाळ्याची नव्हे. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदाही आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही. म्हणून मुंबईत खासगी दवाखाने मोजायचे, तर गल्लीगल्लीत पायी फिरून नकाशा करावा लागतो.

कार्ड इतकं त्रोटक का, याचंही उत्तर नियमात सापडतं. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेत कागदपत्रं तीन वर्षं जपायचं जे बंधन आहे, ते दाखल रुग्णांबद्दल आहे. बाहेरून येऊन औषध घेऊन जाणाऱ्याचं कार्ड हे मुख्यतः डॉक्टरच्या आठवणीला आधार म्हणून असतं. डॉक्टरला आठवायला "आधीचंच रिपीट" एवढं पुरतं. आपल्याला मात्र त्यावरून काहीच कळत नाही.

एक काका, चार नोंदी

आता उलट बाजू बघा. समजा, शिवडी कोळीवाड्याजवळ राहणारे एक काका आहेत. खोकला आला, ते गल्लीतल्या डॉक्टरकडे गेले: पहिलं कार्ड. बरं वाटेना, म्हणून महापालिकेच्या दवाखान्यात गेले (2022 च्या नोव्हेंबरपासून मुंबईत 'आपला दवाखाना'ही सुरू झालाय): दुसरी नोंद. तिथून परळला केईएमला पाठवलं: तिसरा केसपेपर. शेवटी शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात: चौथा. माणूस एक, नोंदी चार. एका ठिकाणी वय 52, दुसरीकडे 55. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे नाव आधी. आधारवर पत्ता गावचा, राहायचं मुंबईत.

चारही ठिकाणांचे आकडे नुसते मिळवलेत, तर काका चार पेशंट होतील. आणि शेवटच्या रुग्णालयाचे आकडे 'शिवडीचे' समजलात, तर दुसरी चूक. ते देशातल्या मोठ्या क्षयरोग रुग्णालयांपैकी एक आहे. तिथे शहरभरातून आणि शहराबाहेरूनही रुग्ण येतात. रुग्णालय शिवडीत आहे म्हणून रुग्ण शिवडीचा ठरत नाही. नोंद जिथे झाली ती जागा आणि माणूस जिथे राहतो ती जागा, हे दोन वेगळे रकाने ठेवा. निदान झालं ती जागा हा तिसरा.

मग लोकांनी मार्ग कसे काढले?

क्षयरोगाच्या संशोधनात याची छान उदाहरणं आहेत. प्रत्येकात एकच गोष्ट शोधा: यांनी छेद कशाचा केला?

*सरकारी मार्ग.* 7 मे 2012 पासून खासगी डॉक्टरांनाही क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणं सक्तीचं झालं, आणि त्यासाठी 'निक्षय' ही प्रणाली आली. 2018 पासून पोषणासाठी रुग्णाच्या खात्यात दरमहा 500 रुपये येऊ लागले (2024 च्या नोव्हेंबरपासून 1,000). म्हणजे नोंद होण्यात रुग्णाचाही फायदा आला. पण निक्षयमध्ये निदान झालेलेच येणार. ती अंशाची यादी आहे.

*औषधविक्रीचा मार्ग.* निमलन अरिनामिनपती आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 'लॅन्सेट इन्फेक्शियस डिसीजेस'मध्ये वेगळीच युक्ती वापरली. रुग्ण मोजता येत नाहीत ना? मग क्षयरोगाच्या औषधांची खासगी विक्री मोजू. 2014 मध्ये खासगी क्षेत्रात सुमारे 22 लाख रुग्ण उपचार घेत असावेत, असा त्यांचा अंदाज निघाला. आधी समजलं जायचं त्याच्या दोन-तीनपट. इथे एकक 'रुग्ण' नव्हतं, 'उपचाराचा महिना' होतं.

*तोतया रुग्णाचा मार्ग.* 2014-15 मध्ये मुंबई आणि पाटण्यात प्रशिक्षण दिलेली माणसं ठरलेली लक्षणं सांगत सुमारे 1,200 खासगी दवाखान्यांत गेली. अडीच हजारांवर भेटी झाल्या आणि साधारण 35 टक्के भेटींत योग्य निर्णय घेतला गेला. इथे छेद आहे 'भेटी'. लक्षणं संशोधकांनीच ठरवलेली, त्यामुळे डॉक्टरांची तुलना न्याय्य होते. पण खऱ्या रुग्णांचं काय होतं, ते यातून थेट कळत नाही.

*घरोघरीचा मार्ग.* 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पथकं वस्त्यांत गेली. लक्षणं असलेल्यांपैकी सुमारे 64 टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते. हा आकडा दोनदा वाचा. दवाखान्याच्या नोंदी कितीही नीट ठेवल्या, तरी तिघांतले जवळपास दोघे त्यात नसणारच. माझ्या पहिल्या आराखड्यात मी याच माणसांना गाळून बसले होते, आणि मदतीची खरी गरज त्यांनाच आहे.

तुम्ही काय कराल?

आराखडा लिहायच्या आधी, ज्या नोंदीवर तुमचं काम उभं राहणार आहे ती तयार होताना बघा. घरच्या कोणाला डॉक्टरकडे न्यायचं असेल तर सोबत जा. मग कागदावर चार ओळी लिहा. ही नोंद कोण करतं? कशासाठी करतं? यात कोण येतच नाही? आणि कोण दोनदा येतं?

आभा क्रमांकाने हे सुटेल असं काही मित्र म्हणतात. 14 अंकी क्रमांक सगळीकडे जोडला गेला, तर काकांच्या चार नोंदी एक होतील, हे खरं. पण दवाखान्यात न गेलेला माणूस त्यातही दिसणार नाही.

एक सक्त सूचना. खोटा पेशंट बनून 'बघून यायचं' नाही. तोतया रुग्णांच्या अभ्यासालाही आधी नैतिकता समितीची परवानगी लागते. ओळखीचा डॉक्टर "घे रे फोटो" म्हणाला, तरी कार्डांचे मोबाईलवर फोटो काढू नका. ती माहिती डॉक्टरची नाही, पेशंटची आहे.

माझा प्रश्न शेवटी बदलला. आता मी दवाखान्यातून सुरुवात करत नाही. एका वस्तीतली घरं मोजते, कोणाला खोकला आहे ते विचारते, आणि मग तो माणूस कुठे कुठे गेला, किंवा का नाही गेला, ते लिहून घेते. काम तिप्पट झालंय. पण छेद हातात आहे.

मागच्या महिन्यात ताप आला म्हणून त्याच दवाखान्यात पुन्हा गेले. "कार्ड आणलंत?" घरी राहिलं होतं. "मग नवीन बनवतो." आता त्या डब्यात मी दोन आहे.