लेखकाचे पंचांग

दिवाळी अंकाचा मजकूर गणपतीच्या आत हवा, असे संपादकांचे पत्र आले की लेखकाची झोप उडते. पण एका लेखाची मुदत सांभाळणे त्या मानाने सोपे. दहा-वीस वर्षांच्या लेखनाचे पंचांग कसे मांडावे, हा खरा पेच!

हरिभाऊ आपट्यांनी ते आठवड्यावर मांडले. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक सुरू केले आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी प्रकरणाप्रकरणाने त्यात दिली. अंक निघायचा म्हणजे प्रकरण लिहून व्हायलाच हवे. या शिस्तीने मराठी कादंबरी वाढली खरी. पण १९१९ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी हरिभाऊ गेले, तेव्हा त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या होत्या.

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांची तऱ्हा निराळी. ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ संपादताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाची एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा बेत होता. ती वाढत गेली आणि तिचा स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला. पुढचे १९४१, १९४६, १९५३ असे. पाचवा पुरा झाला १९६२ मध्ये. काणे तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते! व्यवसाय वकिलीचा, दर आठवड्याला तगादा लावणारे कोणी नाही. पण जेवढे पुरे झाले तेवढे ते वाचकांच्या हाती देत गेले. सगळे संपण्याची वाट पाहिली असती, तर पहिल्या खंडालाच बत्तीस वर्षे उशीर झाला असता.

आमच्या सोलापुरात चादर विणताना उभे धागे मागावर आधी ताणतात. लांबी तिथेच ठरते. आडवा धागा मात्र एकेक करूनच भरावा लागतो. ग्रंथाची लांबी अशी आधी ठरत नाही, हे काण्यांच्या प्रस्तावनेने दाखवलेच आहे. मग लेखकाच्या हाती उरतो तो आडवा धागा. आठवड्याला चार पाने लिहिली, तरी वर्षाकाठी दोनशे होतात. एक भाग पुरा झाला, की तो खुशाल छापावा. पुढच्याची जाहिरात मात्र हस्तलिखित हाती आल्याशिवाय करू नये.

माझ्याही कपाटात टिपणांचे एक गाठोडे आहे. ‘सवड मिळाली की लिहीन’ म्हणता म्हणता चाळिशी उलटली. पाडव्याला व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. यंदा त्या मुहूर्तावर मीही एक कोरी वही काढणार आहे. तीत प्रकाशनाची तारीख कुठेच नसेल. असतील ते फक्त आठवडे, आणि प्रत्येकापुढे चार पानांचा हिशेब.