बागेचे पाणी आणि शहाणे यंत्र

अमेरिकेतील कॉलोराडो राज्याची राजधानी डेन्व्हर. वितळलेल्या बर्फाचे पाणी धरूनही तेथे वर्षाकाठी सुमारे १५ इंचच पाऊस पडतो. घरोघरच्या अंगणातली हिरवळ मात्र ओलसर हवेत वाढणाऱ्या गवताची. या दोहोंमधली तूट नळाच्या पाण्याने भरून काढावी लागते, आणि त्यासाठी जमिनीखाली नळ्या पुरून जागोजाग फवारे बसवण्याची पद्धत तेथे सर्रास आहे. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण खात्याच्या अंदाजाप्रमाणे तेथील सामान्य कुटुंबाच्या पाण्यापैकी सुमारे ३० टक्के पाणी घराबाहेर खर्च होते. बागेला दिलेल्या पाण्यापैकी निम्म्यापर्यंतचा भाग वाऱ्याने उडून, उन्हाने आटून किंवा नको तितका सोडल्यामुळे वाहून वाया जाऊ शकतो, असेही ते खाते सांगते.

या नासाडीचा बराचसा दोष जुन्या घड्याळी नियंत्रकाकडे जातो. सोमवारी आणि गुरुवारी पहाटे पाचला पाणी सोड, असे त्याला एकदा सांगितले की तो मुकाट्याने तेवढेच करतो. बाहेर धो धो पाऊस पडत असताना अंगणातले फवारेही थुईथुई उडत आहेत, हे हास्यास्पद दृश्य त्यामुळेच दिसते. त्याची जागा आता इंटरनेटला जोडलेल्या ‘स्मार्ट’ नियंत्रकाने घेतली आहे. श्रोत्यांपैकी ज्यांची मुलेबाळे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत, त्यांना तेथील मुक्कामात मोटारखान्याच्या भिंतीवर ही लहानशी पेटी दिसलीही असेल.

पेटीची अंतर्रचना वाटते तितकी गूढ नाही. बागेचे पाच-सात विभाग पाडलेले असतात आणि प्रत्येक विभागाला एकेक झडप असते. पेटीतून त्या झडपेकडे २४ व्होल्टचा सौम्य विद्युत्प्रवाह गेला की एक चिमुकला दट्ट्या वर उचलला जातो, पडद्यावरचा दाब सुटतो आणि पाणी स्वतःच्याच जोराने वाट मोकळी करून घेते. प्रत्येक झडपेची एक तार पेटीपर्यंत येते, आणि सर्व झडपांना मिळून एक सामाईक तार असते, ती बहुधा पांढरी. जुन्या यंत्रातही हे सारे असेच होते. नवे आहे ते पाणी किती द्यावे याचा हिशेब.

हा हिशेब बऱ्याच जुन्या विद्येवर उभा आहे. जमिनीतून उडून जाणारी वाफ आणि पानांतून निघणारी वाफ या दोहोंना मिळून बाष्पपर्णोत्सर्जन म्हणतात. ऊन, वारा, उष्णता आणि हवेतील दमटपणा यांवरून बाष्पीभवन काढण्याचे सूत्र इंग्लंडमधील हॉवर्ड पेनमन या शास्त्रज्ञाने १९४८ साली मांडले. १९६५ मध्ये जॉन माँटीथ यांनी त्यात वनस्पतींच्या अंगच्या विरोधाची भर घातली. पुढे १९९८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने त्याच सूत्राचा एक प्रमाणित नमुना पिकांच्या पाण्यासाठी प्रसिद्ध केला. शेतीसाठी जन्मलेले हे गणित आज अंगणातल्या हिरवळीसाठी राबते आहे. हवामान-केंद्रांकडून आकडे घ्यायचे, कालपासून किती ओल उडाली हे काढायचे, पडलेला पाऊस वजा करायचा आणि उरलेली तूट तेवढी भरायची, हा या यंत्राचा नित्यक्रम. अशा नियंत्रकांना पाणी-बचतीचे सरकारी चिन्ह देण्याचे निकष अमेरिकेत २०११ साली ठरले.

तथापि यंत्राला आभाळ कळले तरी अंगण कळत नाही. ते त्याला घरधन्यानेच सांगावे लागते. यंत्र बसवताना फोनवरचे अॅप प्रत्येक विभागाबद्दल प्रश्न विचारते: माती चिकण की रेताड, जमीन सपाट की उताराची, ऊन किती, झाडे कोणती, फवारा कोणत्या जातीचा. घाईत असलेला मनुष्य आधीच भरलेली उत्तरे तशीच ठेवून पुढे जातो, आणि येथेच घोटाळा होतो. एका जागी उभे राहून पंख्यासारखे पाणी फेकणारे फवारे तासाला साधारण दीड इंच पाणी देतात. गोल फिरत लांब धार टाकणारे फवारे अवघे अर्धा इंच. एकाऐवजी दुसऱ्याचे नाव दिले की पाणी तिप्पट तरी होते किंवा एक-तृतीयांशावर तरी येते. यंत्र आपला हिशेब चोख करीत राहते आणि गवत वाळत राहते. खात्री करून घेण्याचा उपाय बिनखर्ची आहे. सरळ काठाचे सात-आठ रिकामे डबे विभागात ठेवावेत, पंधरा मिनिटे पाणी सोडावे, डब्यांतील पाण्याची उंची पट्टीने मोजावी आणि सरासरीला चाराने गुणावे. चिकणमातीच्या उतारावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. तेथे पाणी एकदम न देता थोडे द्यावे, मुरू द्यावे, पुन्हा थोडे द्यावे. पाटाचे पाणी धरणारा कोणताही शेतकरी हे न शिकवता करतो. यंत्राला मात्र ती सोय मुद्दाम चालू करून द्यावी लागते.

प्रत्यक्ष बसवणीत जुन्या तारा सोडवण्यापूर्वी वीज बंद करणे, तारांचे छायाचित्र घेणे आणि प्रत्येक तारेला क्रमांकाची चिठ्ठी बांधणे, एवढे केले की अर्धे काम झाले. उरलेली अडचण बहुधा वायफायची असते. अशी अनेक यंत्रे फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओळखतात, आणि घरातला फोन ५ गिगाहर्ट्झवर असतो. मग दोघांची गाठ पडत नाही आणि ग्राहक-साहाय्य केंद्राला दूरध्वनी केला जातो.

या केंद्रांविषयी तक्रारीचा सूर सगळीकडे सारखाच ऐकू येतो: तीच ती प्रश्नावली, राउटर बंद करून पुन्हा सुरू करण्याची तीच आज्ञा, आणि दर वेळी नवा मनुष्य. तक्रार खोटी नाही. पण दुसरी बाजूही पाहण्यासारखी आहे. परदेशी कंपन्यांची अशी कामे पुण्यात आणि हैदराबादेतही चालतात, आणि तेथे रात्रपाळी करणाऱ्या मुलामुलींत मराठी घरांतलीही असतात. कोलोराडोतले अंगण त्यांनी पाहिलेले नसते. समोर एक ठरीव प्रश्नमाला असते आणि प्रत्येक संभाषणाला किती मिनिटे लागली याची नोंद होत असते. यंत्राप्रमाणे तेही ऐकीव माहितीवरच चालतात. म्हणून ‘पाणी येत नाही’ या तीन शब्दांना प्रश्नमालेच्या पहिल्याच ओळीचे उत्तर मिळते, यात नवल नाही.

याउलट, फोन करण्यापूर्वी दहा मिनिटांची तपासणी केली तर संभाषणाचा रंगच बदलतो. समजा, तिसरा विभाग उघडत नाही. वीज बंद करून तिसऱ्या आणि चौथ्या तारांची अदलाबदल करावी. आता चौथ्या क्रमांकाची आज्ञा दिल्यावर तिसरी झडप उघडली आणि तिसऱ्या आज्ञेला चौथी उघडली नाही, तर दोष पेटीत आहे. तिसरी झडप तेव्हाही उघडली नाही आणि चौथी मात्र बिनतक्रार उघडली, तर पेटी निर्दोष असून बिघाड तारेत किंवा झडपेत आहे. मग विद्युत्-मापक आणावा. तिसरी तार आणि सामाईक तार पेटीतून सोडवून त्यांमधला विरोध मोजला असता तो साधारण २० ते ६० ओहम यावा. फारच कमी आला तर वेटोळे जळून तारा आपसांत भिडल्या असाव्यात. मापकाने अनंत दाखवले तर तार कोठेतरी तुटली आहे. तुटण्याची आवडती जागा म्हणजे झडपेजवळचा ओलसर खड्डा. तेथला सांधा जलरोधक नसेल तर तो गंजतोच. कित्येकदा हा सांधा सापडला की फोन करण्याचे कारणच उरत नाही. उरलेच, तर विरोधाचे आकडे, पेटीचा अनुक्रमांक, तारांचे छायाचित्र आणि मागच्या तक्रारीचा क्रमांक लेखी कळवावा. लेखी मजकूर माणूस बदलला तरी बदलत नाही, आणि हमीची मुदत संपत आली असेल तर तारखेचा पुरावाही राहतो.

विकत घेण्यापूर्वी मात्र एक प्रश्न साहाय्य केंद्राला अवश्य विचारावा: कंपनीची सेवा बंद पडली तर पेटी काय करील? घरातील उपकरणे एकत्र चालवणारे रिव्हॉल्व्ह नावाचे एक यंत्र होते. त्या कंपनीला २०१४ मध्ये नेस्टने विकत घेतले आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा थांबवली. दूरच्या संगणकाचा आधार जाताच पैसे मोजून घेतलेली ती यंत्रे निकामी झाली. पाण्याचे वेळापत्रक स्वतःच्या पोटात साठवणारी आणि इंटरनेटवाचूनही भिंतीवरच्या बटणाने चालणारी पेटी त्या मानाने भरवशाची. घर विकत घेणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे की जुनी पेटी आधीच्या मालकाच्या खात्याला बांधलेली असू शकते. व्यवहार पुरा होण्याआधीच ते खाते मोकळे करून घेतलेले बरे. नंतर त्या मालकाचा पत्ता शोधण्यात अर्धा उन्हाळा जातो.

डेन्व्हरसारख्या ठिकाणी शरद ऋतूच्या अखेरीस आणखी एक काम असते. नळ्यांत पाणी राहिले तर ते गोठून नळ्या फुटतात, म्हणून दाबाच्या हवेने ते बाहेर काढतात. त्या दिवशी यंत्राने एकेक विभाग क्रमाने उघडायचा आणि कोणीतरी हवेच्या पंपाशी उभे राहून दाब सांभाळायचा. शेवटच्या फवाऱ्यातून नुसती हवा फुसफुसू लागली की पंप बंद करायचा आणि मुख्य तोटी वसंतापर्यंत बंद ठेवायची.