तातडीच्या विभागात गर्दी का तुंबते?

उजनीकाठच्या माणसाला ‘मृतसाठा’ म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी. त्यांपैकी जवळजवळ ६४ टीएमसी पाणी उपयुक्त साठ्यात धरतच नाहीत. म्हणजे निम्म्याहून अधिक जागा आधीच अडलेली.

मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातही असा मृतसाठा असतो. तपासणी झाली, उपचार सुरू झाले, पण वॉर्डात खाट नाही म्हणून तिथेच पडून राहिलेले रुग्ण, तो हा साठा. समजा, विभागात तासाला ६ रुग्ण येतात आणि प्रत्येकजण सरासरी ४ तास राहतो. तर आत सरासरी ६ × ४ = २४ रुग्ण असणार. खाट उशिरा मिळू लागली आणि मुक्काम ६ तासांवर गेला, की २४ चे ३६ होतात. येणारे मात्र तासाला सहाच! दीर्घकाळच्या सरासरीचा हा गुणाकार कोणत्याही रांगेला लागू पडतो, हे जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केले.

डॉक्टरांची संख्या नेमकी कामापुरती ठेवली तर? रुग्ण वेळ ठरवून येत नाहीत. एकच डॉक्टर असून तो ८० टक्के वेळ कामात असेल, तर गणिताप्रमाणे रुग्णाला सरासरी चार तपासण्यांइतके थांबावे लागते. ९० टक्क्यांना नऊ, ९५ टक्क्यांना एकोणीस. (०.८ ला ०.२ ने, ०.९ ला ०.१ ने भागून पाहा. वर्गात करून घेण्याजोगे उदाहरण आहे.) पुरासाठी धरणात जागा राखतात, तशी इथेही थोडी सवड राखावी लागते. हिशेबनीसाला ती उधळपट्टी वाटते!

गंभीर रुग्णाला आधी घेणे आवश्यकच. पण त्याने रांगेचा क्रम बदलतो, तुंबलेली खाट मोकळी होत नाही. ती मोकळी होते वरच्या मजल्यावर. सकाळी दहाला घरी जाऊ शकणारा रुग्ण कागदपत्रांसाठी चारपर्यंत थांबला, की खाटेचे सहा तास गेले. तोवर खाली स्ट्रेचर रिकामे होत नाही, आणि रुग्ण घेऊन आलेली रुग्णवाहिका दारातच अडकते. १०८ क्रमांकाची सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. परंतु गाडी शहरात अडकली असताना कुगाव किंवा केत्तूरहून फोन आला, तर तिथे दुसरी गाडी आणखी लांबून यावी लागते.