नवा संगणक घेण्याआधी जुनी फाईल उघडून पाहा

तारापूर एमआयडीसीत कापड प्रक्रियेपासून इंजिनिअरिंगपर्यंतचे कारखाने आहेत. बोईसर-पालघरच्या कारागिरांना तिथली कामे मिळतात. नक्षी असो वा यंत्राचा सुटा भाग, आखणी आता संगणकावर होते. मात्र संगणक बदलला की जुना प्रोग्राम अडतो. असे का होते?

प्रोग्रामचे ढोबळमानाने दोन भाग असतात. रेषा, माप, गोलाई यांचा हिशेब करणारा भाग बहुतेक तोच राहतो. पडद्यावर चित्र दाखविणे, प्रिंटरला हुकूम देणे ही कामे ऑपरेटिंग सिस्टिममार्फत होतात. विंडोज, मॅक व लिनक्स यांची रीत वेगळी, म्हणून हा दुसरा भाग प्रत्येकासाठी जुळवून घ्यावा लागतो. खर्च निघणार नसेल तर कंपनी त्यात पडत नाही. 'ऑटोकॅड'ने १९९७ च्या चौदाव्या आवृत्तीत डॉस व युनिक्स सोडले. मॅकवर ते २०१० मध्ये परतले. विंडोज ११ वर तर डॉसचे जुने प्रोग्राम थेट चालतच नाहीत.

तेव्हा बंधूंनी तीन गोष्टी कराव्यात. रेषांची आखणी 'डीएक्सएफ' स्वरूपातही जतन करावी. ती बरेच प्रोग्राम वाचतात. प्रोग्रामचे कुलूप, म्हणजे डाँगल, नव्या यंत्रावर चालेल का हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. साध्या कामासाठी लिब्रेकॅड किंवा फ्रीकॅड पाहावे; हे मोफत असून तिन्ही सिस्टिमवर चालतात.

थान उलगडल्याशिवाय आपण कापड घेत नाही. इथेही आपलीच फाईल उघडावी, छापून माप घ्यावे आणि जुळले तरच सौदा करावा. तोवर जुना संगणक विकू नये.