पत्ता सिंगापूरचा, कार्ड अमेरिकेचं

"अगं, ग्रीन कार्ड मिळालं ना? मग आता कसली काळजी?" साताऱ्याहून मावशीचा फोन आला की हा प्रश्न ठरलेला. तिला फोनवर समजावणं अवघड, म्हणून इथे लिहिते.

माझं कार्ड दोनच वर्षांचं आहे. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत अमेरिकी नागरिकाची बायको किंवा नवरा म्हणून तिथे गेलं, की असं अटीचं कार्ड मिळतं. कार्डापुरती केलेली खोटी लग्नं रोखायला १९८६ साली अमेरिकेने हा कायदा केला. दोन वर्षं संपायच्या आधीच्या ९० दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-७५१ हा अर्ज भरायचा आणि संसार खरा असल्याचे पुरावे जोडायचे. मग अट निघते. अर्जच केला नाही, तर मुदतीच्या दिवशी कायम वास्तव्याचा हक्क संपतो.

माझा नवरा न्यू जर्सीत वाढलेला. माझं कार्ड आलं आणि काही महिन्यांतच त्याच्या कंपनीने त्याला सिंगापूरला धाडलं. आता आली का पंचाईत! मी न्यू जर्सीत एकटी राहिले तर लग्नावर शंका, आणि त्याच्यासोबत गेले तर अमेरिकेत राहण्याच्या इराद्यावर. मी सोबत गेले. लग्न त्यासाठीच केलं होतं.

आमच्या ओळखीच्या प्रत्येक मराठी घरात या विषयावरचा एक बिनपदवीचा वकील असतो. त्याचा सल्ला एकच: "सहा महिन्यांतून एकदा टेकून ये, झालं." हे अर्धसत्य आहे. सलग १८० दिवसांहून जास्त बाहेर राहिलं तर परतताना नव्याने प्रवेश मागणाऱ्यासारखी तपासणी होऊ शकते, आणि वर्ष उलटलं तर एरवी नुसत्या कार्डावर आत येता येत नाही, हे खरं. पण खरं घर दुसरीकडे आहे असं दिसलं, तर त्याहून कमी दिवसांतही प्रश्न उभा राहतो. का गेलात, कधी परतणार, अमेरिकेत मागे काय ठेवलंय, हे सगळं बघतात. नेवार्कला उतरले तेव्हा अधिकाऱ्याने पासपोर्टची पानं सावकाश उलटली आणि एवढंच विचारलं, "राहता कुठे?" मी नवऱ्याच्या नेमणुकीचं पत्र पुढे केलं. त्यात परतीची तारीख होती.

यावर उपाय म्हणजे री-एंट्री परमिट. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो आणि बोटांचे ठसेही तिथेच द्यावे लागतात. नंतर बाहेर पडलं तरी चालतं. पण अटीच्या कार्डवाल्यांना ते आय-७५१च्या मुदतीपलीकडे मिळत नाही. शिवाय परमिट म्हणजे हमी नव्हे, इराद्याचा एक भक्कम पुरावा.

म्हणून आमच्या घरात एक जाडजूड निळी फाइल आहे. सिंगापूरच्या भाडेकरारावर दोघांची नावं, न्यू जर्सीतलं जोडखातं, विम्यात एकमेकांचं वारसनाम, एकत्र भरलेला अमेरिकी कर. करात मेख आहे: परदेशातली कमाईही दाखवावी लागते, आणि कर वाचवायला स्वतःला अनिवासी म्हणवलं तर वास्तव्य सोडल्याचा तो आयता पुरावा ठरतो. सासूबाई त्या फाइलमध्ये लग्नाचे फोटो घालायला सांगतात. घातलेत; पण मला विचाराल तर शंभर फोटोंपेक्षा एक भाडेकरार जड.

आय-७५१ परदेशातून टपालाने पाठवता येतो. ठशांसाठी किंवा मुलाखतीसाठी बोलावलं तर अमेरिकेत जावं लागतं. पोचपावती आली की जुनं कार्ड आणि ती पावती मिळून वास्तव्याचा पुरावा चालतो. २०२३पासून या पावतीने मिळणारी मुदतवाढ ४८ महिन्यांची आहे.

फार थोड्यांना ठाऊक असलेली एक वाट मात्र आहे. नागरिक जोडीदाराला अमेरिकी सरकारने किंवा परदेशी व्यापारातल्या अमेरिकी कंपनीने किमान वर्षभरासाठी बाहेर नेमलं असेल, तर नागरिकत्वासाठी एरवीची तीन वर्षांच्या वास्तव्याची अट माफ होऊ शकते. नेमणूक संपल्यावर अमेरिकेत परतायचा इरादा हवा. आम्ही त्याच वाटेवर आहोत.

शेवटी एक कळकळीचं. कुणाची मुलगी, बहीण नवऱ्याने भारतात आणून सोडली असेल, कार्ड काढून घेतलं असेल, तर तिला सांगा की कार्ड नवऱ्याच्या मालकीचं नसतं. लग्न खरं होतं आणि छळ झाला हे दाखवता आलं, तर घटस्फोटाची वाट न पाहता ती एकटीने आय-७५१ भरू शकते. तिला ९० दिवसांची चौकटही लागू नाही. फक्त माहेरी वर्ष उलटू देऊ नका. त्याआधी अमेरिकेतला इमिग्रेशन वकील गाठा.